पोटगीचा अर्ज, चौदा तारखा आणि शिलाईचे पाच हजार

पत्र

काकू, नमस्कार. मला अगं-तूगं करून लिहिलंत तरी चालेल. वय ३४. माहेर तासगाव तालुक्यात, सासर विट्याकडं. मिस्टरांचा कोइमतूरला गलाईचा धंदा. २०२२ पासून मी मुलीला घेऊन माहेरी आहे, ती आता चौथीत आहे. त्यांनी सांगलीच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा टाकला. त्यातच मी सप्टेंबर २०२४ मध्ये महिना १५ हजार पोटगीचा अर्ज दिला. आजवर १४ तारखा झाल्या. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी त्यांच्या वकिलांना मुदत, कधी आमचे वकील दुसऱ्या कोर्टात. वकील वडिलांच्या ओळखीचे आहेत, पण हल्ली ज्युनिअरच येतो आणि ‘पुढची तारीख पडली’ एवढंच सांगतो. मी शिलाई करते, महिन्याला चार-पाच हजार सुटतात. ते शपथपत्रात लिहू नका असं ज्युनिअर म्हणाला. भाऊ म्हणतो, ते ८ लाख एकरकमी देतायत, घे आणि मोकळी हो. वकील बदलू, स्वतः उभी राहू, का ८ लाख घेऊ? तारखेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. नावाआधी सौ. लिहावं का नाही तेही कळेना, म्हणून नावच लिहीत नाही.

उत्तर

नाव नाही लिहिलंस ते बरंच केलंस. तासगाव तालुका केवढासा, आणि विट्याकडची निम्मी माणसं गलाईतली. (इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी: गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा, खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पसरलीयत त्यात.) लोक नावापर्यंत पोचायला वेळ लावत नाहीत.

आधी सांगते, मी वकील नाही. कोर्टात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, ३१ वर्षं टेबलाच्या अलीकडच्या बाजूला काढली. वकिलांना दिसत नाही ते तिथून दिसतं, आणि वकिलांना कळतं ते पुष्कळसं तिथून कळत नाही. तेवढं धरून वाच.

तू तीन प्रश्न विचारलेस. त्या तिन्हींच्या आधीचा प्रश्न राहिलाय: तुझा अर्ज नेमका कुठल्या कागदावर अडलाय? १४ तारखा झाल्या हे तुला पाठ आहे, पण त्या १४ तारखांना रोजनाम्यात काय लिहिलं गेलं ते तू वाचलेलं नाहीस. वाचलं असतंस तर पत्रात आलं असतं.

रोजनामा म्हणजे त्या दिवशी तुझ्या कामात काय घडलं त्याची कोर्टाने केलेली नोंद. ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप फुकट आहे. तुझ्या केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, तो वकिलांकडून किंवा जुन्या नोटिशीवरून घे. ॲपमध्ये टाकलास की मागच्या सगळ्या तारखा आणि पुढची तारीख दिसते. पूर्ण रोजनामा हवा तर नकलेचा अर्ज कर. दोन-पाच ओळींचा मजकूर असतो. काहीसा असा: ‘अर्जदार गैरहजर, त्यांचे वकील हजर. सामनेवाले वकिलांसह हजर. नि. ५ वर अर्जदाराचे म्हणणे नाही. मुदत अर्ज दिला, मंजूर. नेमणूक म्हणण्यासाठी.’ घटस्फोटाच्या दाव्यात तो अर्जदार आणि तू सामनेवाली, त्यामुळे वाचताना उलटसुलट होईल, सावकाश वाच. नि. म्हणजे निशाणी, कागदाला दिलेला नंबर. म्हणणं म्हणजे अर्जाला समोरच्याने दिलेलं लेखी उत्तर. तुझा पोटगीचा अर्ज ज्या निशाणीवर आहे तो नंबर पाठ करून ठेव. वकिलांशी बोलताना ‘माझ्या केसचं काय झालं’ म्हणण्यापेक्षा ‘नि. अमुकवर त्यांचं म्हणणं आलं का’ असं विचारलंस की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. हे मी शेकडो वेळा बघितलंय.

मग एक दोनशे पानी वही घे. तारीख, कोण हजर, कोण नव्हतं, कुणाच्या मागणीवरून पुढं गेलं, पुढं कशासाठी नेमलं. १४ ओळी झाल्या की बेरीज कर. साहेब रजेवर म्हणून किती गेल्या, त्यांच्या मुदतीपायी किती, आणि आपल्यामुळं किती. हा तिसरा आकडा बघायला बायका तयार नसतात, पण माझा अंदाज आहे की तो शून्य नाही.

कारण सांगते. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या कुठल्याही कामात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि दायित्वाचं शपथपत्र दिलंच पाहिजे. ठरलेला नमुना आहे: उत्पन्न, खर्च, जमीन, कर्ज, दागिने, बँक खाती, विमा, सगळं. तू अर्जासोबत द्यायचं, नवऱ्याने साधारण चार आठवड्यांत. त्याने दोनपेक्षा जास्त वेळा टाळाटाळ केली आणि ती मुद्दाम आहे असं कोर्टाला वाटलं, तर त्याचा बचावच काढून टाकण्याची मुभा कोर्टाला आहे. हे हत्यार वापरायची अट एकच, तुझं स्वतःचं शपथपत्र आधी फायलीत असलं पाहिजे. आणि तू लिहितेस की शिलाईचं लिहायचं का नाही हे अजून ठरतंय. म्हणजे ते दिलेलंच नाही, हो ना? मग गेले कित्येक महिने समोरचा वकील कशाच्या जोरावर मुदत घेतोय ते कळलं तुला.

आता शिलाई. लिही. चार-पाच हजार सुटतात तर तेवढेच लिही. ना वाढवून, ना ‘काहीच उत्पन्न नाही’ म्हणून. लग्नसराईत जास्त मिळतात आणि आषाढात मशीन बंद असतं, तर तसंही लिही. ज्युनिअरचं वय कमी असेल, त्याने तुला वाचवायला म्हणून सांगितलं असेल. पण शपथपत्र खोटं निघालं की दोन गोष्टी होतात. खोट्या शपथेची कारवाई होऊ शकते ही एक. दुसरी जास्त महागात पडते: तिथून पुढं तुझ्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आमच्या कोर्टात एका बाईंनी ‘मला उत्पन्नाचं साधन नाही’ लिहिलं होतं. उलटतपासात समोरच्या वकिलाने त्यांच्याच व्हॉट्सॲप स्टेटसचे छापील फोटो काढले. पैठणीचं ब्लाउज, मागं मोराची नक्षी, खाली लिहिलेलं ‘ऑर्डर सुरू’. बाई खाली बघत राहिल्या. पाच हजार कमावणाऱ्या बाईला पोटगी मिळत नाही असं कुठंच नाही. तुझं आणि मुलीचं त्यात भागतं का, आणि नवऱ्याकडं होतीस तेव्हा कशी राहत होतीस, हे बघतात. तेव्हा शाळेची फी, रिक्षा, दवाखाना, वह्या, सगळ्या पावत्या त्याच वहीच्या मागच्या बाजूला चिकटवत जा.

आता त्याच्या उत्पन्नाचं. गलाईवाल्याची पगाराची स्लिप नसते हे मला ठाऊक आहे. तो शपथपत्रात काय लिहील तेही सांगते. ‘दुकान भावाचं आहे, मी तिथं कामगार आहे, महिना १२ हजार मिळतात.’ असं वाचून वाचून माझा चष्म्याचा नंबर वाढला. तुझ्याकडं दुकानाचं एखादं जुनं बिल, पावतीपुस्तक, व्हिजिटिंग कार्ड आहे का शोध. त्यावर जीएसटी नंबर असला तर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून कुणीही बघू शकतं की धंदा कायद्याने कुणाच्या नावावर आहे. गावाकडं दुमजली बांधली असेल, तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घर कुणाच्या नावावर ते दाखवणारा उतारा काढ. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. मुलगी आधी कोइमतूरच्या शाळेत जात होती असं असेल तर तिथल्या फीच्या पावत्या सोन्याच्या मोलाच्या. बँक खात्याचे उतारे आणि आयकर विवरणपत्र तो आपणहून देणार नाही, ते हजर करायला लावा असा अर्ज वकिलांना द्यायला सांग. त्याच्या फोनमधून चोरून फोटो काढ, बहिणीच्या नवऱ्याला दुकानात ग्राहक म्हणून पाठव, असले सल्ले तुला मिळतील. त्या भानगडीत पडू नको.

तुझ्या दागिन्यांची यादीही आत्ताच करून ठेव. लग्नातले फोटो, सोनाराच्या पावत्या. स्त्रीधन तुझं एकटीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. गलाईवाल्याच्या घरात दागिना राहिला असेल तर त्याचं पुढं काय होऊ शकतं हे तुला मी सांगायला नको.

८ लाखांकडं येऊ. भाऊ वाईट बुद्धीने बोलत नसेल, त्यालाही वडिलांची ओढाताण दिसते. पण हिशेब मांड. तुला १५ ऐवजी १० हजारच मंजूर झाले असं धरलं, तरी ८ लाख म्हणजे ८० महिने. सहा वर्षं आठ महिने. तेव्हा मुलगी दहावी-अकरावीत असेल, आणि खरा खर्च तिथून पुढं. दुसरं, रजनेश निकालातच आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हुकुमाच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचा मीटर चालू आहे. तारीख पुढं गेली की तुझा जीव मेटाकुटीला येतो हे खरं, पण पैसे बुडत नाहीत, साठतात. आणि हे त्याच्या वकिलाला पक्कं माहीत आहे. म्हणून तर अर्ज निकाली निघायच्या आत ८ लाखांची बोली आलीय. अर्जाचा निकाल होऊ दे, मग बोलू, एवढंच उत्तर भावाकडून पोचव. तडजोड वाईट नसते, माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी चांगल्या झाल्या. पण करायची तर मुलीची रक्कम वेगळी लिहून घे. लेकीचा हक्क तुला सोडून देता येत नाही, कुणी सहीला आणलं तरी. दागिन्यांची यादी सोबत जोड आणि पैसे कोर्टासमोर डीडीने घे, पाहुण्यांच्या मध्यस्थीने रोख नको. घटस्फोट झाला की पोटगीचा हक्क संपतो, असंही तुला कुणीतरी सांगितलं असणार. नाही संपत, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमची पोटगी त्यासाठीच आहे. मात्र नवऱ्याच्या घराची निम्मी वाटणी आपोआप मिळते, हे जे बायकांच्या ग्रुपमध्ये फिरतं, तसा कायदा आपल्याकडं नाही. त्या भरवशावर राहू नको.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे आणि तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. घटस्फोट त्याला हवाय. तू मागितलेला नाहीस. हिंदू विवाह कायद्याच्याच कलम २४ खालचा तुझा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच आहे. ‘शक्यतो’ या शब्दाने महाराष्ट्रातल्या किती बायकांची वर्षं खाल्ली ते विचारू नको. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, पानभर कामं आणि साहेब एकच, हेही खरं. पण या कलमाचा उपयोग असा, की पोटगीचा अर्ज आधी ठरवा, तोवर मुख्य दाव्यात पुरावा सुरू करू नका, असा एक पानी अर्ज तुझ्या वकिलांना देता येतो. त्याचा दावा थांबला की त्याला घाई होते. हुकूम झाल्यावरही त्याने पैसे भरले नाहीत तर त्याचा दावा स्थगित ठेवा असं मागता येतं. वसुलीसाठी कोइमतूरला धावायच्या आधी हे कर. त्याच अर्जात कोर्टखर्चही माग, कलम २४ मध्ये वकील फीसकट तो येतो. मुळात मागितला नसेल तर दुरुस्ती करून घे. आणि यापुढं त्यांनी मुदत मागितली की दरवेळी खर्चाची मागणी करायची. ५०० रुपयांची कॉस्ट बसली तरी रोजनाम्यात ते दिसतं, पुढच्या साहेबांनाही दिसतं.

आता वकील. लगेच बदलू नको. नवा वकील फाइल वाचायलाच तीन तारखा घेईल, त्या तुझ्याच खात्यात जमा होतील. संध्याकाळी ऑफिसात दहा मिनिटं मागून घे, वडिलांना न घेता जा. ओळखीच्या माणसासमोर वडील भिडेखातर ‘बघा तुम्हीच काय ते’ म्हणतात आणि विषय मिटतो. एका पानावर घटनाक्रम लिहून ने, वही ने. विचार: माझं शपथपत्र कधी देताय, त्यांचं आलं नाही तर बचाव काढायचा अर्ज कधी, युक्तिवाद तुम्ही करणार का ज्युनिअर. ज्युनिअरने तारीख घ्यायला काहीच हरकत नाही, सगळीकडं तसंच चालतं. युक्तिवादाला मात्र फाइल वाचलेला माणूस हवा. दोन तारखांत काही हललं नाही तर बदल. वकीलपत्रावर आधीच्या वकिलांची ना-हरकत घ्यायची रीत आहे, पण ते देत नसतील तर कोर्टाच्या परवानगीने बदलता येतं. फी राहिली म्हणून फाइल अडवून धरता येत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. राहिलेली फी त्यांनी वेगळी मागावी, तूही बुडवू नको. कुणी ‘मिळेल त्यातले इतके टक्के माझे’ म्हणालं तर तिथून उठ. टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना बंदी आहे.

तासगावकडचं माहेर म्हणजे द्राक्षबाग असणार. फीसाठी वडील बेदाणा विकत असतील, तर हे वाच. बाईला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वडिलांची द्राक्षबाग किती एकर, हा प्रश्नच येत नाही. विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं साधा अर्ज करायचा. १५१०० हा त्यांचा फोन. मोफत वकील म्हणजे टाकाऊ, असं काही नसतं. तिथंही दहा प्रकारची माणसं आहेत, जमलं नाही तर बदलून मागता येतो. स्वतः उभं राहायचं म्हणतेस, तर राहता येतं, कुणी अडवत नाही. शपथपत्रांवर चालणारा अंतरिम अर्ज एखादी हुशार बाई स्वतः मांडूही शकेल. पण नवऱ्याचा उलटतपास स्वतः घेणं मी तुला सांगणार नाही. ज्याच्या नुसत्या आवाजाने हात थरथरतो त्याला प्रश्न विचारायचे, आणि तेही भरल्या कोर्टात. नको.

अजून एक, हे अगदी ध्यानात ठेव. एका बाईंना व्हरांड्यात कुणीतरी सांगितलं, ‘साहेब रजेवर आहेत, आज काय होणार नाही.’ लेकराला ताप होता, त्या अकराच्या एसटीने परत गेल्या. पुकारा झाला तो शेजारच्या प्रभारी कोर्टात. यांच्याकडून कुणीच नाही, समोरचे हजर. अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला. पुन्हा नंबरावर घ्यायला चार महिने गेले. त्या दिवशी मी त्याच मजल्यावर होते, त्या जिना उतरताना मला दिसल्या होत्या. हाक मारायला हवी होती. साहेब असोत-नसोत, पुढची तारीख हातात पडल्याशिवाय आवार सोडू नको.

सगळं करूनही वर्ष गेलं तर अर्ज लवकर निकाली काढा असा हुकूम उच्च न्यायालयाकडं मागता येतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतंय, सांगली-सातारा त्यातच येतं. पण ती शेवटची पायरी. आपलं शपथपत्र न देता तिथं गेलीस तर पहिला प्रश्न त्याचाच येईल.

झोपेचं लिहिलंस. आदल्या रात्री झोप न लागणं हे पुढं काय होणार ते ठाऊक नसण्याने होतं. पुढची तारीख कशासाठी नेमलीय ते वहीत लिहिलेलं असलं की निम्मी भीती कमी होते, निम्मी राहते. राहू दे. नुसत्या म्हणण्याच्या तारखेला तुझी हजेरी लागतेच असं नाही. वकिलांना आदल्या दिवशी विचारायचं, आणि नको म्हणाले तर मशीनवर बसायचं. मुलीला कोर्टात आणू नको, ताबा-भेटीचा विषय निघून साहेबांनी बोलावलं तरच.

पुढची तारीख जानेवारीत असेल, तर बागेत फवारण्यांची गडबड असणार. वडिलांना बागेतच राहू दे, तू एसटीनं ये. नकलेचा अर्ज दुपारच्या सुट्टीआधी दे. सुट्टीत खिडकी बंद होते आणि नंतर रांग लागते.